नायदेन कुणाचा?

ओरेवो, १४ नोव्हेंबर १९७७

स्पासे,

बाबांच्या नावाने आलेलं तुझं पत्र मी फोडलं. ते फोडायला बाबा राहिलेले नाहीत. दोन ऑक्टोबरला, रविवारी सकाळी, खाटेवर बसून बूट घालता घालता गेले. एक बूट पायात, एक हातात. मी चुलीपाशी होते. मला वाटलं वाकलेत, नाडी सापडत नसेल.

त्याच दिवशी प्रिलेपला जाऊन तार केली. स्पासे नायदेनोवस्की, खाली तुझा पत्ता, रस्ता, नंबर, मेलबर्न. आठव्या दिवशी परत आली. ‘या नावाचं इथे कुणी राहत नाही.’ मी म्हटलं घर बदललं असेल, अकरा वर्षांत माणूस दहा घरं बदलतो. चाळिसाव्या दिवशी गहू शिजवून कबरीवर नेले, बायकांनी विचारलं, मुलगा? मी म्हटलं, पत्ता सापडत नाही.

आणि आज तुझा लिफाफा. तोच रस्ता, तोच नंबर. मागे लॅटिन अक्षरांत नाव, एस. नेडन का नायडेन. मी अक्षरं लावत बसले आणि मग डोक्यात प्रकाश पडला. घर नाही बदललंस, नाव बदललंस. अर्धं कापून टाकलंस. मग बरोबरच आहे त्या तारवाल्याचं. या नावाचं तिथे कुणी राहत नाही.

आईच्या वेळी टपालाने घोळ केला, ते तुला तेव्हाच लिहिलं होतं. पुन्हा उगाळत नाही.

अकरा वर्षांनी लिहितोस आणि काय लिहितोस? अर्धं पान हवापाणी, मग तुझ्या व्हियोलेताच्या शाळेत घराण्याची माहिती मागितलीय, तर कळवा की आपल्या आडनावाचा अर्थ काय आणि ते आलं कुठून. जमल्यास डिसेंबरच्या आधी. तब्येत कशी आहे हे शेवटच्या ओळीत.

लिही मग, शिक्षिकेला सांग. बाबा सांगायचे तेच सांगते. आपला पणजोबा नायदेन. नायदेन म्हणजे सापडलेला. त्याच्या आधी त्या घरात पाच मुलं झाली, पाचही गेली. मग जुन्या लोकांनी करायचं ते केलं. सहावा झाला तेव्हा त्याला तिठ्यावर ठेवलं आणि घरचे लपून बसले. पहिला जो येईल त्याने उचलायचं आणि दारात आणून म्हणायचं, घ्या, मला सापडलं. म्हणजे मरणाला वाटतं हे पोर या घरचं नाही, आणि ते पुढच्या घरी जातं. आपल्या नायदेनला उचललं प्रिलेपच्या एका व्यापाऱ्याने. माझ्या लहानपणी गोष्टीत त्याच्याकडे तीन खेचरं होती. बाबांच्या शेवटच्या वर्षी सात झाली होती.

नायदेनचा पेत्को, पेत्कोचे आपले बाबा. नायदेनच्या पुढचं ते ‘ओव’ म्हणजे ‘चा’. पाणवठ्यावर म्हातारे अजून विचारतात ना, कुणाचा रे तू? त्याचं उत्तर म्हणजे आडनाव. तू शेपूट कापलंस तेव्हा उत्तरच कापलंस. आता तू नुसता सापडलेला. कुणाचा ते तुझं तू बघ.

वर्षाच्या आत दगड उभा करायचा आहे. त्यावर मुलांची नावं कोरतात. तुझं कुठलं कोरायचं ते कळव.

दोस्ता


ओरेवो, ११ जानेवारी १९७८

स्पासे,

तुझं पत्र नाताळच्या आदल्या दिवशी आलं. रडलास ते दिसलं, शाई पसरलीय. मी त्यावर काही बोलत नाही.

पण नाव बदलल्याचं जे कारण दिलंस ते वाचून मी पत्र टेबलावर आपटलं. कारखान्यातल्या मुकादमाची जीभ वळत नव्हती म्हणून? मुकादमाच्या जिभेसाठी? इथे आपल्या बाबांनी तीन राजवटी काढल्या, तिघांच्या कारकुनांनी नावाला तीन शेपट्या लावल्या, पण बंदुका घेऊन लावल्या. तुला कुणी बंदूक दाखवली होती? ‘ताई, नाव म्हणजे नुसती मूठ, धरायला सोपी असली म्हणजे झालं.’ असं तू लिहितोस. मूठच मोडून दिलीस तर तुझी तार धरणार कशाने, ते सांग.

व्हियोलेता विचारते की आत्याच्या नावात शेवटी ‘स्का’ का. पुरुषाला स्की, बाईला स्का, एवढंच. इथे असती तर तीही नायदेनोवस्का झाली असती. हे तिला तू सांगू शकत होतास.

आता माझं ऐक. दगडासाठी प्रिलेपला बोगोयाकडे गेले. तोच, ज्याच्या बापाने आईचा दगड केला. संगमरवर दाखवला, पांढरा, चांगला आहे. नाव काय म्हणाला. मी बाबांच्या पेटीतले कागद पुढे केले. सर्बियनांच्या वेळचा दाखला, वांगेल नायदेनोविच. बल्गेरियनांच्या वेळचा, वांगेल नायदेनोव. पंचेचाळीस सालचा आपला, वांगेल नायदेनोवस्की. त्याने तिन्ही पत्त्यांसारखे मांडले.

“तीन कागद, तीन माणसं,” म्हणाला. “मेलंय कोण?”

“एकच.”

“मग एकच नाव सांग, बाई. इथे खोडरबर चालत नाही.”

मी म्हटलं नायदेनोवस्की, अजून काय. तर म्हणाला, जन्माच्या वेळी काय होतं ते बघून ये, गेल्या वर्षी एकाचा दगड मी दोनदा केलाय, दोन्ही मुलगे भांडत आले होते. म्हणून पाद्री त्रिफुनकडे गेले. आता ऐंशी वर्षांचा आहे, कान गेलेत, डोळे शाबूत. बाबांच्या जन्माच्या वेळचं काही नाही, ते पहिल्या युद्धात जळलं. पण उठला आणि आतून एक जुनं प्रार्थनेचं पुस्तक काढून आणलं. पूर्वीचे पाद्री समासात लिहून ठेवायचे, टोळ आले, भूकंप झाला, गहू महागला. एका पानाच्या कडेला त्याने बोट ठेवलं. मी दोनदा वाचलं, आणि मग त्याच्याकडून वाचून घेतलं, कारण माझा विश्वास बसेना.

‘या वर्षी मोठं हिमवादळ. संत निकोलाच्या सणाला सकाळी चर्चच्या दाराशी मुलगा सापडला, एक दिवसाचा. कुणी आणून ठेवला ते कळलं नाही. कुणीच न्यायला तयार नव्हतं. विधवा बोसिल्काने नेला. नाव नायदेन ठेवलं.’

बस. व्यापारी नाही, खेचरं नाहीत, आधीची पाच मुलं नाहीत. तिठ्यावर लपून बसलेलं कुणी नाही.

गावात आपल्या घराला बोसिल्काचे म्हणतात ते तुला आठवत असेल. बोसिल्काचं शेत, बोसिल्काचा वांगेल. आणि बाबा किती चिडायचे. शेजारच्या मितेच्या लग्नात एकाने भर मांडवात तसं म्हटलं तर बाबांनी त्याचा दात पाडला होता. मी विचारायचे बोसिल्का कोण, तर म्हणायचे कुणी नाही, गावकऱ्यांची टवाळी.

त्यांना माहीत होतं, स्पासे. त्रिफुन म्हणाला, “तुझा बाप सत्तेचाळीस साली इथे याच खुर्चीवर बसला होता. म्हणाला पान फाड. मी म्हटलं, वांगेल, पान फाडलं तर हिमवादळही जाईल, आणि ते तर खरोखर झालं होतं.”

माहीत असून तीस वर्षं त्या माणसाने खेचरं वाढवली. तीन वर्षं मी त्यांचे पाय धुतले, जेवण भरवलं, आणि दर रविवारी मला तो व्यापारी ऐकवला. एकदा तरी खरं सांगायचं. मी कुणाला सांगणार होते? तंबाखूच्या पानांना?

माझा संताप होतो. बाबांवर करता येत नाही म्हणून तुला लिहिते.

तुझ्या नावाचं अजून कळवलं नाहीस.

दोस्ता


ओरेवो, २० मार्च १९७८

स्पासे,

एवढं झटपट तू आयुष्यात कधी लिहिलं नव्हतंस. आणि लिहिलंस काय, तर हे कुणाला सांगू नकोस. व्हियोलेताने वर्गात व्यापाऱ्याची गोष्ट वाचून दाखवली, शिक्षिकेने भिंतीवर लावली, आता तिला कळता कामा नये की तिचा खापरपणजोबा ‘कुणाचं तरी पाप’ होता. दगडावर नायदेनोवस्की कोर, ठळक कोर, आणि त्रिफुनला गप्प राहायला सांग.

वा रे वा. मुकादमासाठी ज्याने नाव मोडलं तो आता नावाच्या अब्रूची राखण करतोय, दहा हजार मैलांवरून.

पाप कुणाचं, स्पासे? एक दिवसाच्या पोराचं? का ज्याने बर्फात ठेवलं त्याचं? की गावाचं, जे दाराशी उभं राहून बघत होतं? आणि जिने उचललं तिचं नाव आपण शिवीसारखं ऐकत आलो. तिच्यावरून दात पाडले. तिने नेला नसता तर तू नसतास, तुझी व्हियोलेता नसती. मीही नसते, आणि माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नसतं, ते माझ्या नावातच आहे. माझ्या आधी तीन मुली, आता तिघीही नाहीत, पण तेव्हा होत्या, म्हणून चौथीला दोस्ता, म्हणजे पुरे झालं. पाच वर्षांनी तू. स्पासे, तारलेला. शाळेत हजेरी घेताना मास्तर पुरे म्हणायचा आणि मी उभी राहायचे, सगळे हसायचे. मी नाव बदललं नाही. माझी जीभ वळते.

असं सगळं लिहून झालं होतं आणि पत्र बंद करणार होते. मग वाटलं, बाबा खोटं बोलले म्हणून मी दोन महिने आदळआपट करतेय, आणि मी स्वतः?

आईच्या वेळी टपालाने घोळ केला नव्हता. तार मी केलीच नव्हती.

वाचलंस? पुन्हा लिहीत नाही.

आई शेवटचा आठवडाभर तुझंच नाव घेत होती. अंगाखालचं मी काढत होते, आणि ती दाराकडे बघून स्पासे आला का. शेवटच्या दिवशी दुपारी माझा हात धरला आणि म्हणाली, “स्पासे, आलास?” मी म्हटलं, “आलो.” ती हसली. माझ्याकडे बघून ती अशी कधी हसली नव्हती. त्यानंतर तासाभरात गेली.

मी चिठ्ठी लिहून प्रिलेपच्या टपाल कचेरीच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. मनात म्हटलं, त्याला काय कळवायचं, तो तर येऊन गेला. नऊ दिवस मी तशीच होते. मग साधं पत्र टाकलं, आणि तू विचारलंस तेव्हा कुझमान पोस्टमनचं नाव पुढे केलं. तू लिहिणं बंद केलंस. बाबा कुझमान दिसला की रस्त्यावर थुंकायचे, अगदी शेवटपर्यंत. तो बिचारा मान खाली घालून जायचा.

तुला लिहिण्याआधी कुझमानकडे गेले, तो जवळ राहतो म्हणून. आता निवृत्त झालाय, मधमाश्या पाळतो. अंगणात उभ्या उभ्याच सांगितलं.

तो म्हणाला, “मला माहीत होतं.”

“कसं?”

“अगं, जाणारी तार माझ्याच वहीत चढायची. त्या आठवड्यात ओरेवोची एकही नव्हती.”

“मग अकरा वर्षं बोलला का नाहीस?”

“कुणी विचारलं? वांगेलने थुंकायच्या आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं.” मग म्हणाला, “आणि सांगून तुझ्या बापाकडे उरलं काय असतं? मुलगा गेलेलाच होता. मुलगी पण काढून घेऊ?”

मला बसायला सांगितलं, मधात बुडवलेले अक्रोड दिले. ते मी रुमालात बांधून आणले. घरी येऊन दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही, म्हणजे कोंबड्यांशी.

क्षमा मागायची तर कशी मागतात ते मला कुणी शिकवलं नाही. तू आईच्या मातीला यायला हवा होतास आणि मी येऊ दिलं नाही. तू आला असतास का नसतास, तो तुझा प्रश्न होता, तो मी तुला पडूच दिला नाही. एवढंच.

दोस्ता


ओरेवो, ८ जुलै १९७८

स्पासे,

साडेतीन महिने तुझं एक अक्षर नव्हतं. हक्क होता तुझा. पण दगडाला वर्षाची मुदत होती आणि बोगोया काही तुझ्या रागासाठी थांबणार नव्हता.

मे महिन्यात व्हियोलेताचं पत्र आलं, तुला माहीत आहे का नाही कोण जाणे. निम्मी अक्षरं आपली, निम्मी लॅटिन, दोन बोटांनी नांगर धरावा तशी लिहिलीत. पण समजलं. लिहिते की पप्पा गॅरेजमध्ये जाऊन तुमचं पत्र वाचतात आणि बाहेर येऊन मम्मीवर ओरडतात. म्हणून तिने तुझ्या खिशातून काढून वाचलं, आधीचीही वाचली. सगळी. तुला सांगून टाकते, म्हणजे तू लपवण्यात उरलेली शक्ती वाया घालवू नकोस. तिला पापबिप काही वाटलेलं नाही. तिने एकच विचारलंय. आत्या, बोसिल्काचं आडनाव काय होतं?

मी त्रिफुनला विचारलं, सगळ्या म्हाताऱ्यांना विचारलं. कुणाला माहीत नाही. कुणी लिहिलंच नाही. कुणाची मुलगी, कुणाची बायको, कुठल्या गावची, काही नाही. नवऱ्याचं नावसुद्धा नाही, नुसती विधवा. मी पोरीला तसं कळवलं आणि कळवताना इतकी चिडले की निब मोडलं.

तर दगड. तुझं उत्तर नाही म्हणून मीच ठरवलं. वांगेल नायदेनोवस्की, १८९३–१९७७, आणि खाली, बोसिल्काच्या घरचा. बोगोयाने दोनदा विचारलं, नक्की ना? म्हणाला, यावरून वांगेलने एकाचा दात पाडलेला मी ऐकलंय. मी म्हटलं, माझे पाच उरलेत, पाडू दे.

गेल्या रविवारी बसवला. बायका गहू आणि कोबीची पोळी घेऊन आल्या. कुझमानही आला, मधाची बरणी घेऊन, आणि बाबांच्या पायाशी जाऊन उभा राहिला. मी जीव मुठीत धरून होते. त्वेता म्हातारी, तिला वाचता येत नाही, तिने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं काय लिहिलंय. मी मोठ्याने वाचलं. कुणी हसलं नाही. त्वेता म्हणाली, “मग? तेच तर आम्ही म्हणत होतो.” आणि पोळी वाटायला गेली.

इतकं सोपं होतं, स्पासे. माझ्या अंगात मात्र भांडणाची सगळी तयारी होती, ती तशीच राहिली. संध्याकाळपर्यंत मी सगळ्यांवर खेकसत होते.

खाली हयात मुलांची नावं. दोस्ता कोरलंय. तुझं काय लिहायचं कळेना, म्हणून बोगोयाने स्पासे एवढंच आखून ठेवलं होतं, पुढे वीतभर कोरी जागा. म्हटलं दोन आठवडे थांब. आणि काल तुझी तार. तार म्हणजे काय, चार शब्द. ‘नाव कोरू नका. येतोय.’

मला सांग, हे कसं वाचायचं? रागाने कोरू नका, का येऊन सांगतो म्हणून कोरू नका? दिवस नाही, विमान नाही, एकटा येतोयस का पोरीला घेऊन, काही नाही. मेलबर्नमध्ये शब्द इतके महाग आहेत का? मी ती तार बोगोयाला दाखवली, तो म्हणाला, “स्वभाव बापाचाच,” आणि छिन्नी ठेवून दिली.

हे पत्र पोचेल तेव्हा तू निघालेला असशील. मग मी लिहितेय कुणाला? व्हियोलेता वाचेल, ती सगळंच वाचते. पोरी, निदान तू तरी तारीख कळव.

मागची खोली पांढरी करून घेतली आहे, ती करायचीच होती. तू गेल्यावर, पंचावन्न साली, रस्ता बदलला, बस आता पुलापाशी थांबत नाही, वर शाळेपाशी थांबते, मंगळवारी आणि शनिवारी. तंबाखूची पानं दोऱ्यात ओवायचे दिवस आहेत, माझे हात दिवसभर चिकट असतात, मी काही दर बसला वर येऊन उभी राहणार नाही. आज शनिवारी गेले होते, ते मिठासाठी.

दोस्ता